वाचकांचे प्रश्न : विवेकापासून हक्कांपर्यंतची वाट

प्रश्न : युरोपीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासात 'विवेकाचा उदय' आणि 'व्यक्तीचे हक्क' ही दोन प्रकरणे नेहमी एकामागून एक येतात; परंतु पहिल्यातून दुसरे कसे निघाले, हे मला कोठेच नीट उलगडलेले नाही. माणूस विचार करू शकतो, एवढ्यावरून त्याला हक्क आहेत हे कसे ठरते? (तत्त्वज्ञानाचा एक विद्यार्थी)

उत्तर : 'माणूस विचार करतो' हे विधान माणसाचे वर्णन करते, तर 'माणसाला हक्क आहेत' हे विधान इतरांनी त्याच्याशी कसे वागावे ते सांगते. वर्णनातून कर्तव्य आपोआप निघत नाही, त्यामुळे आपली शंका अगदी रास्त आहे. ही मधली पायरी विवेक किती समर्थ आहे या प्रश्नात शोधू लागलो तर ती सापडत नाही. विवेक कोणाकोणाकडे आहे, आणि एकाचा विवेक दुसऱ्याला चालवता येतो का, या दोन प्रश्नांकडे पाहिले की ती दिसू लागते.

पहिल्या प्रश्नाची सुरुवात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञापासून करता येते. १६३७ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झालेला त्याचा पद्धतीविषयीचा ग्रंथ विद्वानांच्या लॅटिनमध्ये नसून फ्रेंचमध्ये होता, आणि त्याचे पहिलेच वाक्य असे होते की जगात सर्वांत चांगली वाटणी झालेली गोष्ट म्हणजे सारासारबुद्धी. फ्रेंचमध्ये लिहिण्याचे कारणही त्याने ग्रंथाच्या शेवटी दिले आहे : केवळ जुन्या पोथ्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांपेक्षा स्वतःची नैसर्गिक बुद्धी निर्भेळपणे वापरणारे लोक आपल्या मतांची पारख अधिक चांगली करतील, अशी त्याला आशा होती. देकार्त स्वतः यापुढे गेला नाही. १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाल्याचे कळताच त्याने विश्वरचनेवरचे आपले लिखाण छापण्याचा बेत सोडून दिला होता, आणि आपल्या देशाचे कायदे व रूढी पाळाव्यात हा नियम त्याने स्वतःसाठी मुद्दाम घालून घेतला होता. परंतु वाक्य एकदा लिहिले गेले की ते लेखकाच्या सावधपणाला बांधलेले राहत नाही. १६७३ मध्ये पूलाँ द ला बार या फ्रेंच लेखकाने देकार्तचीच पद्धत हाती घेऊन असे दाखवले की स्त्रिया बुद्धीने कमी असतात हे मत परीक्षेला उतरत नाही, ते केवळ सवयीने टिकून आहे. मनाला लिंग नसते, आणि म्हणून प्राध्यापक, न्यायाधीश किंवा सेनापती ही पदे स्त्रियांना नाकारण्याला काही आधार नाही. सर्वांना सारखी बुद्धी आहे हे मान्य केले की, एकावर दुसऱ्याचा जन्मसिद्ध अधिकार का, याचे कारण मागता येते, आणि ते देण्याची जबाबदारी अधिकार सांगणाऱ्यावर येऊन पडते. हक्कांच्या पुढच्या सगळ्या भाषेचे मूळ मला या जबाबदारीच्या उलटापालटीत दिसते.

दुसरा प्रश्न मात्र अभ्यासिकेतून उभा राहिला नाही, तो चितेपासून उभा राहिला. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हात मिगेल सर्व्हेटस याला पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर सेबास्तियान कास्तेलियो या विद्वानाने, या शिक्षेचे समर्थन करणाऱ्या कॅल्व्हिन या जिनिव्हातल्या धर्मसुधारकाला उत्तर लिहिले आणि त्यात एक वाक्य लिहिले : माणसाला मारणे म्हणजे सिद्धान्ताचे रक्षण करणे नव्हे, ते माणसाला मारणेच होय. हे उत्तर त्याच्या हयातीत छापले गेले नाही. ते १६१२ मध्ये बाहेर आले. तोपर्यंत युरोपात धर्मावरून कत्तली होऊन गेल्या होत्या, आणि सहा वर्षांनी तीस वर्षांचे युद्ध सुरू होणार होते. दोन्ही बाजूंना आपण सत्याच्याच बाजूने लढत आहोत याची खात्री होती. ही खात्रीच उभयपक्षी सारखी असेल तर ती शस्त्र उचलण्याचे कारण कशी होऊ शकते, हा प्रश्न त्या शतकातल्या विचारवंतांना टाळता आला नाही.

स्पिनोझाने १६७० मध्ये निनावी आणि खोट्या प्रकाशनस्थळासह छापलेल्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात म्हटले आहे की माणसाने कितीही इच्छा केली तरी स्वतः विचार करण्याचा आपला नैसर्गिक हक्क त्याला दुसऱ्याच्या स्वाधीन करता येत नाही. लॉकनेही १६८९ च्या सहिष्णुतेवरील पत्रात याच अंगाने मांडणी केली : शासनाचे साधन म्हणजे बळ, आणि बळाने शरीर वाकते, श्रद्धा बदलत नाही, म्हणून धर्मश्रद्धा हा शासनाच्या अधिकाराचा विषयच नाही.

ही मांडणी सुंदर आहे, पण तिच्यात एक भेग आहे, आणि जोनास प्रोस्ट या इंग्रज धर्मोपदेशकाने ती पुढच्याच वर्षी दाखवून दिली. बळाने श्रद्धा थेट उत्पन्न होत नसेल, असे तो म्हणाला, तरी ज्याकडे माणसाने कधी लक्ष दिले नाही त्याचा विचार करायला त्याला बळाने भाग पाडता येते, आणि त्या विचारातून श्रद्धा बदलू शकते. प्रोस्टचा हेतू आपल्याला कितीही नापसंत असला तरी त्याचा आक्षेप दुबळा नाही. जबरदस्ती निरुपयोगी आहे एवढेच आपले म्हणणे असेल, तर ती ज्या दिवशी उपयोगी ठरेल त्या दिवशी हक्क संपेल. प्येर बेलने हे अधिक खोलवर पाहिले होते. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने फ्रान्सच्या प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नान्तचा आदेश रद्द केला, त्याच वर्षी बेलचा भाऊ तुरुंगात मरण पावला, आणि १६८६ मध्ये बेलने लिहिले की चुकीच्या समजुतीने का होईना, जो प्रामाणिकपणे आपल्या सदसद्विवेकबुद्धीला अनुसरतो, त्याला त्याविरुद्ध वागायला लावणे हाच अपराध आहे. येथे प्रथमच चुकणाऱ्या माणसालाही संरक्षण मिळते, आणि हक्क ही गोष्ट शहाणपणाचे बक्षीस राहत नाही.

ही भेग पूर्णपणे बुजवली कांटने. १७८३ मध्ये बर्लिनच्या एका मासिकात एका धर्मोपदेशकाने तळटिपेत विचारले होते की प्रबोधन म्हणजे नक्की काय; १७८४ मधला कांटचा प्रसिद्ध निबंध हे त्या प्रश्नाला मासिकातूनच दिलेले उत्तर आहे. (मराठीत 'प्रबोधन' हा शब्द रेनेसाँससाठीही वापरतात, येथे अठराव्या शतकातली चळवळ अभिप्रेत आहे.) दुसऱ्याच्या मार्गदर्शनाविना स्वतःची बुद्धी वापरण्याचे धैर्य माणसाने करावे, असे त्यात त्याने म्हटले, आणि पुढच्याच वर्षी नीतीच्या पायाभरणीवरील ग्रंथात त्यामागचे कारण दिले : ज्याला किंमत असते त्याच्या जागी तितक्याच किमतीचे दुसरे काही ठेवता येते, परंतु जो स्वतःच स्वतःला नियम घालून देऊ शकतो त्याला किंमत नसते, प्रतिष्ठा असते, म्हणून त्याला केवळ साधन म्हणून वापरता येत नाही. प्रोस्टला खरे उत्तर हे आहे. जबरदस्ती यशस्वी झाली तरी ती अन्यायच ठरते, कारण तिने विचार करणाऱ्याला घडवण्याच्या वस्तूसारखे वागवलेले असते. आपल्या प्रश्नातली वर्णनापासून कर्तव्याकडे जाणारी पायरी ती हीच.

प्रश्न : हे विचारवंत 'माणूस' म्हणत होते तेव्हा त्यांच्या मनात मालमत्ताधारक युरोपीय पुरुषच होता. मग या वैश्विक भाषेला दंभ का म्हणू नये? (एक शिक्षिका)

उत्तर : आपला आरोप वस्तुस्थितीला धरून आहे आणि तो सौम्य करण्याची माझी इच्छा नाही. सहिष्णुतेवर लिहिणाऱ्या लॉकने नास्तिकांना सहिष्णुतेबाहेर ठेवले. गुलामगिरी ही नीच अवस्था आहे या वाक्याने त्याच्या शासनविषयक ग्रंथाची सुरुवात होते, आणि तरीही गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे भाग होते. कांटने नागरिकांचे सक्रिय आणि निष्क्रिय असे दोन वर्ग केले आणि सर्व स्त्रियांना व घरगुती नोकरांना दुसऱ्या वर्गात टाकले. २६ ऑगस्ट १७८९ रोजी संमत झालेला फ्रान्सचा १७ कलमांचा हक्कांचा जाहीरनामा 'माणसाचा व नागरिकाचा' होता. मतदानाचा अधिकार मात्र त्या देशातल्या स्त्रियांना १९४४ मध्ये मिळाला.

तरीही 'दंभ' या शब्दाने एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. त्यापूर्वीच्या व्यवस्थेत वगळले गेल्याचे कारण देण्याची गरजच नव्हती; सरदाराचे हक्क सरदाराचे आणि गावकुळाचे गावकुळाचे होते, १२१५ च्या मॅग्ना कार्टा या इंग्लंडच्या राजाच्या सनदेतही वेगवेगळ्या दर्जांना वेगवेगळे संरक्षण होते. हक्काचा आधार विवेक आहे असे एकदा जाहीर झाल्यावर वगळणाऱ्याला असे म्हणावे लागले की या लोकांना विवेक कमी आहे, आणि हे विधान खोडून काढता येण्याजोगे होते. ऑलिम्प द गूजने १७९१ मध्ये जाहीरनाम्याची कलमे एकेक करून स्त्रियांसाठी पुन्हा लिहिली, आणि दहाव्या कलमात म्हटले की स्त्रीला फाशीच्या चौथऱ्यावर चढण्याचा हक्क असेल तर तिला भाषणाच्या व्यासपीठावर चढण्याचाही हक्क असला पाहिजे. ३ नोव्हेंबर १७९३ रोजी तिचा शिरच्छेद करण्यात आला. मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये हाच धागा शिक्षणाकडे नेला : ज्यांना विचार करायला कधी शिकवलेच नाही त्यांच्या विचारशून्यतेचा दाखला पुरावा म्हणून देता येत नाही. आणि सॅँ-दोमिंग (आजचे हैती) या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी तर कोणत्याही ग्रंथाची वाट पाहिली नाही. ऑगस्ट १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला, तेव्हा कोठे ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या सभेने गुलामगिरी रद्द केली. नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली, आणि फ्रेंच वसाहतींतून ती कायमची जायला १८४८ साल उजाडले. हक्कांच्या इतिहासाचे श्रेय केवळ तत्त्वज्ञांना देणे म्हणूनच मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न : या विचारांमुळे सामान्य माणसाच्या आयुष्यात प्रत्यक्ष काय बदलले, याचे एखादे उदाहरण द्याल का?

उत्तर : न्यायालयीन छळाचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. संशयिताकडून कबुली मिळवण्यासाठी त्याला यातना देणे ही युरोपातल्या अनेक देशांत कायद्याने ठरवून दिलेली पद्धत होती. तूलूझ येथील झाँ कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यावर, कॅथलिक होऊ पाहणाऱ्या मुलाचा खून केल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्याचा छळ झाला, त्याने अखेरपर्यंत कबुली दिली नाही, आणि तरीही १० मार्च १७६२ रोजी त्याला चाकावर हाडे मोडून ठार मारण्यात आले. व्हॉल्तेरने प्रकरणाची चौकशी करून त्याविरुद्ध मोहीम उभी केली, आणि ९ मार्च १७६५ रोजी कालास निर्दोष असल्याचे जाहीर झाले.

या दोन तारखांच्या मधल्या काळात, १७६४ मध्ये, मिलानच्या सव्वीस वर्षांच्या चेझारे बेकारियाने गुन्हे आणि शिक्षा यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यातला युक्तिवाद इतका साधा आहे की तो कोणालाही पटावा : आरोप सिद्ध झाला असेल तर कबुलीची गरज नाही, आणि सिद्ध झाला नसेल तर एका निर्दोष माणसाला यातना दिल्या जात आहेत. शिवाय यातनांनी सत्य ठरत नाही, सहनशक्ती ठरते. दणकट गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराध अडकतो. विवेक आणि हक्क यांचा सांधा इतक्या थोड्या शब्दांत दाखवणारे दुसरे लिखाण मला आठवत नाही. १७८० मध्ये फ्रान्समध्ये कबुलीसाठीचा छळ बंद झाला, १७८६ मध्ये तस्कनीने मृत्युदंडही रद्द केला, आणि १७८९ च्या जाहीरनाम्याच्या नवव्या कलमात असे नमूद झाले की दोषी ठरेपर्यंत प्रत्येक माणूस निर्दोष मानला जाईल, आणि त्याला ताब्यात घेताना गरजेपेक्षा जास्त केलेली कोणतीही कठोरता कायद्याने सक्त दडपली जाईल.