५० लिटरच्या पातेल्याला कॉइल किती वॅटची?

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी घरीच कोकम सरबताचा पाक करतो. सिलिंडर परवडेना म्हणून ५० लिटरच्या स्टीलच्या पातेल्याला कॉइल बसवायची आहे. कोणती घ्यावी? – एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, एवढं पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला साधारण साडेचार युनिट लागतात. ३००० वॅटच्या एका कॉइलला दीड तासाच्या वर. दोन लावल्या तर पाऊण तासाच्या आसपास. पण एकेक कॉइल १३ अँपिअर ओढते, म्हणून दोन्हींना वेगळी लाइन काढून घ्या. व्होल्टेज २०० वर उतरलं, की तीच कॉइल जेमतेम सव्वादोन हजार वॅट देते. तेव्हा दोष कॉइलला देऊ नका.

आखूड कॉइल नकोच. तिच्यात सगळी उष्णता थोड्या जागेत एकवटते आणि साखर करपते. त्याच वॅटची लांब, वळसेदार घ्या. माझ्या बेळगावच्या दुकानात आलेली एक आखूड कॉइल अजून डोळ्यांपुढे आहे : वर करपलेली साखर, कोळशासारखी, पटाशीनेही निघेना. आधी नुसतं पाणी उकळा, कॉइल बंद करा, मग साखर विरघळवा. कोकम आंबट, तेव्हा तांब्याची नको, स्टीलचीच. आणि ताई, अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय बटणाला हात लावू नका. कॉइल पूर्ण बुडालेली नसेल तर मुळीच नाही.