वाण चुकले की वजन?

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये असतो. तेथे स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही, म्हणून गेल्या वर्षीच्या मुक्कामात आम्ही बापलेकांनी २० लिटर पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, केली. कृतीप्रमाणे ईस्ट केंट गोल्डिंग्ज या वाणाचे ५० ग्रॅम हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुले) तासभर उकळायचे होते. ते मिळाले नाहीत, म्हणून मॅग्नम या दुसऱ्या वाणाचे तेवढेच हॉप्स घातले. बिअर इतकी कडू झाली की दुसरा घोट घेववेना. वाण चुकले का? मित्रांना दाखवायला आणलेले उरलेले मॅग्नम येथे फडताळात आहे. ते डिसेंबरात परत नेऊन वापरावे का?
– एक वाचक, दादर

उत्तर : वाण चुकले नाही, वजन चुकले. हॉप्सच्या फुलांत पिवळी राळ असते आणि तिच्यात अल्फा आम्ले असतात. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूच्या, अर्कात ती बराच वेळ उकळली की त्यांची रचना बदलते, ती अर्कात विरघळतात आणि बिअरला कडवटपणा येतो. गोल्डिंग्जमध्ये ही आम्ले साधारण ५ टक्के असतात, तर मॅग्नममध्ये १२ टक्के किंवा त्याहूनही अधिक. तासाभराच्या उकळीत त्यांतील साधारण २३ टक्के भाग कामी येतो असे धरले, तर ५० ग्रॅम गोल्डिंग्जने तुमच्या बिअरचा कडवटपणा २९ आयबीयूच्या (कडवटपणा मोजण्याचे एकक) आसपास राहिला असता. तेवढ्याच मॅग्नमने तो ६९ वर गेला. पन्नासाला पाचाने गुणून बाराने भागले की २१ ग्रॅम येतात, आणि तेवढेच मॅग्नम पुरेसे होते. अल्फाचे प्रमाण दरवर्षीच्या पिकागणिक बदलते, म्हणून हा हिशेब नेहमी पाकिटावरच्या आकड्यावरूनच करावा.

निवडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सुगंधी तेले तासाभराच्या उकळीत बहुतेक उडून जातात. आमटीला उकळी फुटण्याआधीच कोथिंबीर घालावी, तसे ते होते. म्हणून महागडे सुगंधी हॉप्स शेवटच्या काही मिनिटांसाठी राखावेत आणि कडवटपणासाठी स्वच्छ, फारशी स्वतःची चव न लादणारे वाण घ्यावे. जर्मनीतील ह्यूलच्या संशोधन केंद्रात तयार झालेले मॅग्नम याच कारणाने मला सर्वाधिक भरवशाचे वाटते. चिनूक हे वाणही जोमदार आहे, परंतु त्याची देवदारासारखी राळेची चव मागे रेंगाळते, त्यामुळे ते अमेरिकी धाटणीच्या पेल एलमध्येच शोभते. बिटर ही अस्सल इंग्लिश धाटणीची बिअर करायची असेल, तर मात्र जास्त वजन आणि भांड्याच्या तळाशी उरणारा जास्त चोथा पत्करूनही गोल्डिंग्जच घ्यावेत. त्यांच्या कडवटपणातला मवाळपणा मला अन्य वाणांत क्वचितच आढळतो.

फडताळातल्या पाकिटाचा मोह सोडावा. उष्णता आणि हवा हे हॉप्सचे वैरी आहेत, आणि उघडे पाकीट मुंबईचा मे महिना सोसून आले असेल, तर छापलेला आकडा आता खरा राहिलेला नाही. चिमूटभर हॉप्स तळहातावर चोळून पाहा. ताज्या गवताऐवजी जुन्या चीजसारखा आंबूस वास आला, तर ते टाकून द्यावेत. तिकडे पोहोचल्यावर निर्वात पाकिटातले नवे घ्यावेत आणि उरलेले फ्रीझरमध्ये ठेवावेत. हा प्रयोग मुंबईत मात्र करू नये, कारण महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर तयार करणे हा गुन्हा आहे.