प्रदर्शन लावतोयस ना, मग आधी हे वाच

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, पोस्टरही बघितलं. तुम्ही सगळे मिळून युद्धात सापडलेल्या मुलांसाठी चित्रप्रदर्शन करताय, बालगंधर्वचं कलादालन नाहीतर घोले रोडचं राजा रविवर्मा, जे मिळेल ते घेणार म्हणतोस, हे वाचून फार बरं वाटलं, अगदी मनापासून. पण ते पोस्टर बदल. धुळीने माखलेलं रडणारं मूल आणि खाली क्यूआर कोड. तो फोटो कुणी काढला, त्या मुलाचं नाव काय, त्याच्या आईला कुणी विचारलं का, यातलं काहीच आपल्याला माहीत नाही ना? मग तो आपण वापरायचा नाही. समजा आपल्याच घरातलं पोर असं रस्त्यावर रडत असतं आणि लांब कुठल्या तरी शहरात कुणी त्याचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला असता, हेतू कितीही चांगला असो, तर आपल्याला चाललं असतं का.

मला एकच सांगायचंय. ज्या मुलांच्या नावाने आपण हात पसरतोय त्यांचा मान आधी, पैसे नंतर. पोस्टर, चित्रं, लेबलं, हिशोब, सगळं त्यावरून ठरव.

मग चित्रांत काय दाखवायचं, असं तुझी ती मैत्रीण विचारतेय. युनिसेफ डिसेंबर १९४६ मध्ये सुरू झालं ते दुसऱ्या महायुद्धाने उपाशी पडलेल्या युरोपातल्या मुलांसाठी, आणि त्यांचं पहिलं ग्रीटिंग कार्ड १९४९ चं, ते एका सात वर्षांच्या झेक मुलीच्या चित्रावरून केलेलं. गावात मदत आली म्हणून तिने आभाराचं चित्र काढलं, कागद नव्हता म्हणून काचेवर काढलं, आणि त्यात काय होतं तर खांबाभोवती फेर धरून नाचणारी मुलं. रणगाडा नाही की पडकं घर नाही. आणि टेरेझिन माहितीये ना, नाझींनी ज्यूंना जिथे कोंडलं होतं ते, तिथे फ्रीडल डिकर-ब्रांडाइस नावाची चित्रकार मुलांना चित्रकला शिकवायची आणि प्रत्येक चित्रावर पोराने स्वतःचं नाव घालायचं हा तिचा आग्रह होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउशवित्झला नेलं आणि तिथे मारलं, पण मुलांची जवळजवळ साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून मागे लपवून ठेवली होती म्हणून ती चित्रं वाचली, आज प्रागच्या ज्यू म्युझियममध्ये आहेत. त्यातली बहुतेक मुलं मात्र जगली नाहीत. आणि त्या चित्रांत किती फुलं, फुलपाखरं आणि घरं आहेत ते बघ जरा. ज्या मुलांवर हे सगळं ओढवलं होतं ती असं काढत होती, मग कोथरूडमध्ये बसून आपण बॉम्बस्फोट कशाला रंगवायचे? तुम्हाला जे येतं ते काढा. मुठेकाठ काढा, जुन्या पेठेतले जिने काढा, मंडईतल्या भाजीवाल्या मावशी काढा. खरं बघून काढलेलं चांगलं चित्र माणूस घरी लावायला विकत घेतो, रडक्या चेहऱ्याचं चित्र घेतलं तरी कपाटामागे जातं.

लहान मुलांची चित्रंही ठेवणार असशील तर त्यांना 'युद्ध' हा विषय देऊ नकोस रे. मोबाईल गेममधल्या बंदुका नि रणगाडे काढून देतील, त्यात त्यांची काही चूक नाही. एलिमेंटरीच्या स्मरणचित्राला असतात तसे विषय दे, माझी शाळेची वाट, आमच्या घरची संध्याकाळ वगैरे. जगात आज ४७ कोटींहून जास्त मुलं संघर्षाच्या प्रदेशात राहतायत असं युनिसेफनेच २०२४ च्या शेवटी सांगितलं, म्हणजे दर सहा मुलांत एकाहून जास्त, आणि त्यांची जाते ती नेमकी हीच शाळेची वाट नि घरची संध्याकाळ. एवढं एका ओळीत बाजूला लिहिलंस की बघणाऱ्याला कळतं.

आणि दाराशी एक पॅनल वळिवड्याचं लावच. कोल्हापूरजवळ १९४३ ते १९४८ जवळजवळ पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बाया नि मुलं, सोव्हिएतांनी घरादारातून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेलेली, मग इराणमार्गे इथे आलेली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटिंग होतं, नाटकं व्हायची. आपल्याकडच्या कितीतरी लोकांना हे ठाऊकच नाही. युद्धातलं मूल म्हणजे टीव्हीवरचं कुणीतरी, हे त्या एका पॅनलने पुसलं जाईल, आणि तेही कुणालाही बिचारं न करता.

आता पैशाचं, आणि इथे मी जरा कडक बोलणारे. 'युद्धग्रस्त मुलांसाठी' एवढंच मोघम लिहिलंस तर लोक पन्नासची नोट टाकून पुढे जातात. नेमकं माग. पिकासोचं युद्धावरचं चित्र गेर्निका जानेवारी १९३९ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत लावलं तेव्हा प्रवेशाची किंमत होती बुटांचा एक जोड, स्पेनमध्ये लढणाऱ्यांना पाठवायला, आणि ते बूट चित्राखालीच रांगेने मांडले होते. तसंच तू अति कुपोषित पोरांसाठीची शेंगदाण्याची पेस्ट माग, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं घातलेली, ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी, पाणी नको चूल नको, फाडलं की मूल खातं, जिथे पाणीच घाण आहे तिथे याची किंमत काय ते तूच विचार कर. किंवा युनिसेफची पेटीतली शाळा, ४० मुलांचं साहित्य आणि पेटीच्या झाकणाला काळा रंग देऊन त्याचाच फळा. संस्था कशासाठी पैसे घेते ते आधी ठरू दे, मग तेवढंच आणि तसंच लिही.

कुठली संस्था, ते हॉल बुक करायच्या आधी ठरव. लेखी विचार की इथे जमा झालेले पैसे तिकडच्या मुलांपर्यंत जातात का भारतातल्याच कामाला लागतात, कारण इथल्या ट्रस्टला भारताबाहेर खर्च करायला इन्कम टॅक्सचे निर्बंध आहेत, आपण उठून गाझाला किंवा सुदानला पैसे पाठवले असं होत नाही. मला विचारशील तर निम्मा भाग जवळच्या मुलांना दे. पुण्यातल्या सरहदने काश्मीरमधल्या होरपळलेल्या मुलांना इथे आणून शिकवलंय, बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशनने कुपवाड्यात मुलींसाठी घर चालवलंय, तीही युद्धाचीच पोरं आहेत की.

स्वतःच्या गुगल पेवर एक रुपया घेऊ नकोस, कितीही सोपं वाटलं तरी. सगळं थेट संस्थेच्या अकाउंटला. देणगी गोळा करण्याबद्दल धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात आधी जाऊन विचारून ये. चित्र विकत घेणाऱ्याला देणगीवरची करसवलत मिळेल असं तोंडातून काढू नकोस, ती खरेदी आहे, देणगी नाही, आणि निव्वळ देणगीलाही दोन हजारांवर रोख दिली तर सवलत नाही. अमेरिकेतला काका पैसे देतो म्हणतोय ना, त्याच्याकडे तिकडचा पासपोर्ट असेल तर ते परदेशी देणगीत धरतात, संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, नसेल तर त्याला सरळ नाही म्हण.

आणि चित्रकारांना फुकट राबवू नका. कुणाला पूर्ण किंमत द्यायचीये, कुणाला निम्मी, ज्याचं त्याने ठरवावं, लेबलवर तसं छापावं म्हणजे घेणाऱ्यालाही कळतं. हॉलचं भाडं नि फ्रेमचा खर्च कुठून निघाला तेही शेवटच्या हिशोबात दिसू दे. दिवाळीच्या आधीची तारीख मिळाली तर उत्तम, पावसाळ्यात कागदावरच्या कामाला बुरशी धरते, आणि दिवाळीला मुलांच्या चित्रांची कार्डं करता येतील, ज्यांना चित्र परवडत नाही ते कार्डांचा गठ्ठा नक्की नेतील.

माझी जलरंगातली वाड्यांची चित्रं देते, पूर्ण किंमत मदतीला, फ्रेम माझ्याकडून. शनिवारी संध्याकाळी सगळे घरी या, संस्थेला पाठवायच्या पत्राचा मसुदा इथेच बसून करू, आणि येताना नवीन पोस्टर घेऊन ये.

तुझ्या,
बाई