वाचकांचे प्रश्न : ऑफिसचा प्रिंटर इंटरनेटला जोडावा का?

धरमपेठेत आमचं सीए ऑफिस आहे. नऊ जणांत मिळून एक रंगीत लेझर मल्टिफंक्शन प्रिंटर घेतला. विक्रेता म्हणतो इंटरनेटला जोडा, सगळं सोपं होईल. आमचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, जोडू नका, हॅक होईल. कोणाचं ऐकावं?

प्रिंटरने स्वतःहून बाहेर जायला हरकत नाही. बाहेरच्या कोणालाही थेट प्रिंटरपर्यंत येता कामा नये. एवढं सांभाळलंत, तर जोडण्याचे जवळपास सगळे फायदे मिळतात.

स्कॅन केलेला कागद थेट मेलवर जाणं, टोनर संपत आला की मेल येणं, फर्मवेअरचे (प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट उतरवणं ही सगळी कामं प्रिंटर आतून बाहेर जाऊन करतो. मोबाइलवरून प्रिंट काढायला तर इंटरनेट लागतच नाही. आयफोनवरचं एअरप्रिंट आणि अँड्रॉइडवरचं मोप्रिया ऑफिसच्या वायफायवरच चालतं.

‘घरूनही प्रिंट निघेल’ असं सांगून राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून दिलं जातं, म्हणजे बाहेरून थेट प्रिंटरच्या पोर्टपर्यंत (जोडणीच्या दारापर्यंत) वाट उघडली जाते, तिथे खरा धोका सुरू होतो. बहुतेक नेटवर्क प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर छपाईचं काम घेतात आणि या पोर्टला पासवर्ड नसतो. समोरून जे येईल ते छापायचं, अशीच त्याची रचना आहे, कारण ती इमारतीच्या आतल्या नेटवर्कसाठी केलेली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये जगभरच्या सुमारे ५०,००० प्रिंटरांतून एका यूट्यूब चॅनेलचा प्रचार करणारी पानं आपोआप निघाली. करणाऱ्याने कुठलाही पासवर्ड फोडला नव्हता. हे पोर्ट इंटरनेटवर उघडे असलेले प्रिंटर शोधून त्यांना छपाईचं काम पाठवलं, इतकंच.

आजच तपासून घ्या. राउटरच्या मागच्या स्टिकरवर त्याचा पत्ता आणि लॉगिन असतं, पत्ता बहुधा १९२.१६८.१.१. आत ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ या पानावर ९१००, ५१५, ६३१, ८० किंवा ४४३ हे पोर्ट प्रिंटरच्या आयपीकडे (नेटवर्कवरच्या पत्त्याकडे) वळवलेले दिसले, तर त्या नोंदी काढा. ‘डीएमझेड’मध्ये, म्हणजे बाहेरच्यांना मोकळ्या ठेवलेल्या भागात, प्रिंटर टाकलेला नसावा. ‘यूपीएनपी’ बंद करा, कारण त्यामुळे एखादं उपकरण तुम्हाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेऊ शकतं. एक गोष्ट हटकून राहून जाते, ती म्हणजे आयपीव्ही६, इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत. त्यात प्रिंटरला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो आणि पोर्ट फॉरवर्डिंगची गरजच उरत नाही. राउटरचं आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे ना ते बघा, नाहीतर प्रिंटरवर आयपीव्ही६ बंदच ठेवा.

शेवटी ऑफिसच्या इंटरनेटचा पब्लिक आयपी (बाहेरून दिसणारा पत्ता) लिहून घ्या, मोबाइलचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून तो आयपी ब्राउझरमध्ये उघडा. प्रिंटरचं पान दिसता कामा नये. राउटरचं लॉगिन दिसलं, तर ‘रिमोट मॅनेजमेंट’ चालू आहे, तेही बंद करा.

घरून प्रिंट काढायची खरीच गरज असेल, तर ऑफिसला व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित वाट) घ्या. कंपनीची ‘मेल करा, प्रिंट निघेल’ अशी सोय वापरायची, तर ठरावीक मेल पत्त्यांनाच परवानगी द्या. मात्र तुमच्या अशिलांचं विवरणपत्र त्यात कंपनीच्या सर्व्हरवरून जातं, हे लक्षात असू द्या. अशिलांना वायफाय द्यायचं ते गेस्ट नेटवर्कवरूनच. गेस्ट नेटवर्कवरून प्रिंटर दिसत नाही याचीही एकदा खात्री करा.

प्रिंटरला ॲडमिन पासवर्ड असतो म्हणे. आमच्याकडे कोणी कधी टाकलाच नाही. साध्या प्रिंटरला एवढी काळजी कशाला? – वाडीतील ट्रान्सपोर्ट ऑफिस

कारण त्या प्रिंटरमध्ये तुमचे दुसरे पासवर्ड साठवलेले आहेत. स्कॅन मेलवर पाठवायचं तर मेलचा, स्कॅन सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकायचं तर विंडोजचा. ॲडमिन पानावर ते नुसते ठिपके म्हणून दिसतात, पण आत शिरलेल्याला ते वाचायची गरज नसते. तो मेल सर्व्हरच्या जागी स्वतःच्या यंत्राचा पत्ता टाकतो आणि ‘टेस्ट’चं बटण दाबतो. प्रिंटर साठवलेला पासवर्ड त्याच्याकडे पाठवतो. म्हणून स्कॅनसाठी वेगळं खातं ठेवा, ज्याला फक्त त्या एका फोल्डरमध्ये लिहिण्याचा हक्क असेल. मालकाचं किंवा ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं प्रिंटरमध्ये कधीही टाकू नका.

प्रिंटरचा आयपी ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं पान उघडतं. तिथे पासवर्ड बदला. कारखान्यातून आलेला पासवर्ड अवघड दिसला तरी बदलाच. ब्रदरच्या शेकडो मॉडेलांत हा पासवर्ड सीरियल नंबरवरून काढता येतो, हे २०२५ मध्ये जाहीर झालं. आधीच विकल्या गेलेल्या यंत्रांत फर्मवेअर बदलूनही ही त्रुटी पूर्णपणे जात नाही. पासवर्ड बदलणं हाच तिथला उपाय.

त्याच पानावर टेलनेट आणि एफटीपी या जुन्या, असुरक्षित जोडण्या बंद करा. वापरत नसाल तर ‘वायफाय डायरेक्ट’ही बंद करा. बऱ्याच यंत्रांत त्याचा पासवर्ड १२३४५६७८ असाच येतो. एसएनएमपीची (प्रिंटरची स्थिती नेटवर्कवर कळवणाऱ्या सोयीची) पहिली आणि दुसरी आवृत्ती ‘पब्लिक’ या सर्वांना ठाऊक असलेल्या नावावर चालते, तीही बंद करावी. पण ती बंद केल्यावर विंडोजमध्ये चालू प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसू लागला, तर घाबरू नका. प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट या क्रमाने जाऊन ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची खूण काढा.

स्कॅन टू मेल वर्षभर छान चाललं आणि अचानक बंद पडलं. जीमेलचा पासवर्ड नवा टाकला, तरी चालत नाही. – महालातील शाळेचं कार्यालय

जीमेलचा नेहमीचा पासवर्ड प्रिंटरमध्ये चालत नाही. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, मग १६ अक्षरी ‘ॲप पासवर्ड’ तयार करा आणि मधल्या मोकळ्या जागा न ठेवता तोच प्रिंटरमध्ये टाका. पोर्ट ५८७ असेल तर स्टार्ट-टीएलएस निवडा, ४६५ असेल तर एसएसएल. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आधीचे ॲप पासवर्ड रद्द होतात. तुमच्याकडे बहुधा हेच झालं आहे. तरीही चालेना, तर प्रिंटरवरची तारीख आणि वेळ बघा. ती चुकली की सर्टिफिकेट नाकारलं जातं.

शाळेसाठी आणखी एक. प्रश्नपत्रिका आणि दाखले ट्रेमध्ये उघडे पडून राहू नयेत. प्रिंट पाठवताना ड्रायव्हरमध्ये ‘सिक्युअर प्रिंट’ निवडून पिन द्या. प्रिंटरसमोर जाऊन पिन टाकेपर्यंत पान निघणार नाही.

सिव्हिल लाइन्समध्ये माझी वकिली आहे. भाड्याचं झेरॉक्स-प्रिंटर मशीन परत करायचं आहे. टोनर काढला, केबल काढल्या. पुरेसं आहे का? आणि नव्या मशीनचं मीटर (किती पानं निघाली तो आकडा) पुरवठादाराला बाहेरून वाचायचं आहे, ते द्यावं का?

पुरेसं नाही. मोठ्या मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि तिच्यावर स्कॅन-झेरॉक्सच्या प्रती राहू शकतात. अमेरिकेत ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा संस्थेने भाड्याची मशीन डिस्क न पुसता परत केली. २०१३ मध्ये त्या प्रकरणात तिला १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यातही वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

ॲडमिन मेन्यूमध्ये ‘डेटा ओव्हरराइट’, ‘इरेज ऑल’ असा पर्याय शोधा आणि तो पूर्ण होईपर्यंत मशीन बंद करू नका. पुसल्याची नोंद छापून फाइलला लावा. ॲड्रेस बुक, मेलबॉक्स आणि वायफायचा पासवर्डही काढा. डिस्क नसलेल्या लहान प्रिंटरमध्येही या तीन गोष्टी राहतात, त्यासाठी फॅक्टरी रिसेट करा. पुसण्याची सोयच नसेल, तर डिस्क तुमच्याकडे राहील असं लेखी ठरवा. नव्या मशीनवर डिस्क एन्क्रिप्शन पहिल्या दिवशी चालू करा, कारण नंतर चालू करताना साठवलेला मजकूर पुसला जाऊ शकतो.

मीटरसाठी पोर्ट उघडून देऊ नका. बहुतेक भाड्याची मशीन महिन्याच्या ठरलेल्या तारखेला काउंटर स्वतः मेल करू शकतात. पुरवठादाराला तेवढं पुरतं.

वीज गेली की प्रिंटर वायफायवर सापडत नाही. यूपीएसला लावावा का? – इतवारीतील दुकान

लेझर प्रिंटर लहान यूपीएसला लावू नका. फ्यूजर (टोनर कागदावर पक्का करणारा भाग) तापताना तो एकदम खूप वीज ओढतो आणि यूपीएस बसतो. यूपीएसला राउटर लावा. वीज आल्यावर राउटर प्रिंटरला वेगळा आयपी देऊ शकतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो. म्हणून राउटरच्या ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये प्रिंटरचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा क्रमांक) टाकून एकच आयपी कायम करा आणि विंडोजमध्ये डब्ल्यूएसडी पोर्टऐवजी ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडा. उन्हाळ्यात कूलरचा झोत प्रिंटरवर येऊ देऊ नका. कागद ओल धरतो, वळतो आणि अडकतो.

फर्मवेअर अपडेट केलं की रिफिल केलेलं कार्ट्रिज चालत नाही, असं सीताबर्डीच्या रिफिलवाल्याने सांगितलं. अपडेट बंद ठेवू का?

त्याचं म्हणणं काही मॉडेलांपुरतं खरं आहे. एचपीच्या ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ असलेल्या प्रिंटरमध्ये दुसऱ्या कंपनीची चिप असलेलं कार्ट्रिज अपडेटनंतर नाकारलं जाऊ शकतं. मूळ एचपी चिप कायम ठेवून भरलेलं कार्ट्रिज त्यात अडत नाही, म्हणून रिफिलवाल्याला चिप मूळचीच ठेवायला सांगा. अपडेट कायमचं बंद ठेवलं, तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही येणं थांबतं. ते आम्हाला पटत नाही. स्वयंचलित अपडेट बंद ठेवायचंच असेल, तर दर तीन महिन्यांनी कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलची अपडेटची नोंद वाचा आणि सुरक्षेची दुरुस्ती असेल तर हाताने अपडेट करा. पुढचा प्रिंटर घेताना खोक्यावरची डायनॅमिक सिक्युरिटीची सूचना आधी वाचा. रिफिलवरच चालवायचं असेल, तर इंक टँकचं मॉडेल बघा.