निवड करण्याआधी मैदानावर जा

करिअर क्रीडा मानसशास्त्रात करायचं की स्पोर्ट्स थेरपीत, म्हणजे खेळाडूंच्या दुखापतींवरच्या उपचारात, हे ठरवण्याआधी महिनाभर एखाद्या संघासोबत राहा. एसीएलच्या (गुडघ्यातल्या एका अस्थिबंधाच्या) शस्त्रक्रियेनंतर ९-१० महिन्यांनी परतलेला खेळाडू नीट बघ. मांडीत ताकद आलेली असते, तरी उडी मारून उतरताना भार नकळत दुसऱ्या पायावर जातो. तुझी नजर आधी त्या गुडघ्याकडे जाते की चेहऱ्यावरच्या धास्तीकडे? माझ्या मते कौल तिथेच मिळतो.

मानसशास्त्राची वाट लांबची. मास्टर्सनंतरही देखरेखीखाली काम करावं लागतं, आणि बऱ्याच देशांत नोंदणीशिवाय स्वतःला मानसशास्त्रज्ञ म्हणवता येत नाही. थेरपीत हात बसावा लागतो, म्हणून प्रवेशाआधी प्रत्यक्ष कामाचे तास किती, हे खोदून विचार. पूर्णवेळ नोकऱ्या मोजक्याच. सुरुवातीला दोन-तीन क्लब सांभाळायची तयारी ठेव.