‘पेरेनिअल’ : बारमाही, बहुवर्षायू की चिरंतन?

‘पेरेनिअल’ या इंग्रजी विशेषणाला मराठीत नेमका शब्द कोणता, असा प्रश्न आला आहे. विचारणाऱ्यांना नदीच्या संदर्भात ‘बारमाही’, रोपांच्या माहितीत ‘बहुवार्षिक’ आणि शब्दकोशात ‘चिरंतन’ असे तीन प्रतिशब्द सापडले. तिन्ही बरोबर आहेत, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

मूळ लॅटिन. ‘पेर’ म्हणजे आरपार, सलग. ‘आन्नुस’ म्हणजे वर्ष. आता सलग वर्षभर की वर्षानुवर्षं, इथेच फाटा फुटतो. नदीला पहिला अर्थ लागू होतो: भर वैशाखातही पात्र वाहतं, ती बारमाही.

झाडाचं तसं नाही. दोन वर्षांहून अधिक जगते ती वनस्पती पेरेनिअल. त्यासाठी वनस्पतिशास्त्रातला ‘बहुवर्षायू’ हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात आयुष्य आहे. अशी वनस्पती बारा महिने हिरवी असेलच असं नाही. मे फ्लॉवरची पानं हिवाळ्यात वाळून जातात, कुंडीत नुसती माती दिसते आणि उन्हाळ्यात त्याच कंदातून लालभडक चेंडू वर येतो. त्याला ‘बारमाही’ म्हटलं, तर नवखा माणूस कंद मेला समजून कुंडी रिकामी करेल. सदाफुली मात्र दोन्ही अर्थांनी पेरेनिअल.

ऊसही बहुवर्षायू गवतच. म्हणून तर तोडणीनंतर बुडख्यांना फुटवे येतात आणि खोडवा, म्हणजे नवी लागवड न करता त्याच बुडख्यांवरचं पुढचं पीक, घेता येतो. त्याला ‘बारमाही पीक’ म्हणतात ते पाण्याच्या हिशेबाने. तूर मुळात बहुवर्षायू, आपण ती एका हंगामात काढून घेतो. आणि हरळी-लव्हाळ्याशी झुंजणाऱ्याला तर या शब्दाची व्याख्या सांगायलाच नको. वरून कितीही खुरपा, खाली गाठी जिवंत असतात. (कांदा द्विवर्षायू: पहिल्या वर्षी कांदा, दुसऱ्या वर्षी बी.)

राहिला ‘चिरंतन’. माणसाला पिढ्यानपिढ्या पडणाऱ्या जगण्या-मरण्याच्या प्रश्नांना तो शोभतो. पण ‘पेरेनिअल वॉटर शॉर्टेज’चं भाषांतर ‘चिरंतन पाणीटंचाई’ असं कृपया करू नका. अशा टंचाईला बारमाही म्हणणंही चुकीचं, कारण ती दर उन्हाळ्यात येते आणि पावसाबरोबर जाते. तिथे सरळ लिहावं: ‘या गावाच्या पाचवीलाच पाणीटंचाई पुजलेली आहे.’