‘बी-साइड’ म्हणजे पाठचं गाणं?

विचारणा अशी: बीटल्सवरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात ‘द इनर लाइट’ हे गाणं ‘लेडी मॅडोना’ची बी-साइड होतं, असं वाक्य आलंय. ‘दुसरी बाजू’ लिहिलं तर वादातली दुसरी बाजू वाटते. ‘बी-साइड’ तसंच ठेवलं तर ज्यांनी ग्रामोफोनची दोन बाजूंची तबकडी हातात धरलेली नाही, त्यांना बोध होत नाही. मराठीत यासाठी शब्द आहे का?

रुळलेला असा नाही. ग्रामोफोनवाल्या घरांत ‘रेकॉर्डची मागची बाजू’ म्हणत. कॅसेटच्या काळात ‘साइड बी’नं काम भागलं. आमच्या घरी कॅसेटची एक बाजू संपून नुसती खरखर सुरू झाली की आतून आवाज यायचा, “अरे, पालट ती!” काय पालटायचं हे सांगावं लागत नसे.

पण अडचण बाजूच्या नावाची नाहीच. इंग्रजीत ‘बी-साइड’ म्हणजे ती बाजूही आणि तिच्यावरचं गाणंही. मराठीत ‘हे गाणं बी-साइड आहे’ हे कानाला खटकतं, कारण आपल्याला लगेच ‘-वरचं’ किंवा ‘-चं’ हवं असतं. शिवाय त्या शब्दात एक हिणकसपणा दडलेला आहे. मिनिटाला ४५ फेऱ्या घेणारी, दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी १९४९ साली आली. पुढे कंपनीला जे गाणं खपवायचं असे ते एका बाजूला जाई आणि रेडिओवाल्यांकडे त्याचाच आग्रह धरला जाई. दुसरी बाजू कोरी सोडता येत नाही म्हणून तिथे काहीतरी भरायचं. वर्तमानपत्रात ‘भरतीचा मजकूर’ असतो, तसं हे भरतीचं गाणं.

मग ‘भरतीचं गाणं’ हाच शब्द का नको? कारण इतिहासानं त्याची पार फजिती केली आहे. अमेरिकन गायक बिल हेली आणि त्याच्या ‘कॉमेट्स’ या बँडनं १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये दोन गाणी मुद्रित केली. स्टुडिओतला बहुतेक वेळ ‘थर्टीन विमेन’वर गेला. हायड्रोजन बॉम्ब पडल्यावर गावात तेरा बायका आणि एकच पुरुष उरल्याचं स्वप्न, असा त्याचा विषय. कंपनीचा भरवसा याच गाण्यावर होता. उरल्यासुरल्या वेळात दुसरं गाणं दोन टेकमध्ये उरकलं आणि ते मागच्या बाजूला गेलं. ते होतं ‘रॉक अराउंड द क्लॉक’. तबकडी बेताचीच खपली. पुढच्या वर्षी ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटाच्या सुरुवातीला ते वाजलं आणि जुलै १९५५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन आठ आठवडे तिथेच ठाण मांडून बसलं. ‘थर्टीन विमेन’ आज कुणाला आठवतं? ग्लोरिया गेनरचं ‘आय विल सर्व्हाइव्ह’ हेही १९७८ साली ‘सब्स्टिट्यूट’च्या मागेच होतं. डिस्कोथेकमधल्या डीजेंनी तबकडी पालटली म्हणून ते पुढे आलं. अशा गाण्यांना भरतीची म्हणायला जीभ रेटत नाही.

पैशाच्या हिशेबात तर मागची बाजू कधी धाकटी नव्हतीच. ‘बोहेमियन राप्सडी’ लिहिलं पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीनं. १९७५ च्या त्या तबकडीच्या पाठीवर होतं ड्रमर रॉजर टेलरचं ‘आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार’. तबकडी विकली गेली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखंच मानधन! त्यांच्या ‘क्वीन’ या बँडमध्ये यावरून बरीच धुसफूस झाली म्हणतात, आणि ती समजण्यासारखी आहे.

आता मराठीकडे. आपल्याकडे कागदाला पाठ आणि पोट असतं. झेरॉक्सच्या दुकानात आजही विचारतात, “पाठपोट काढू?” तबकडीलाही हे चपखल बसतं. पुस्तकवाल्यांचा ‘मलपृष्ठ’ हा शब्दही आहे, पण त्यावरून ‘मलगीत’ केलं तर गायक अब्रुनुकसानीचा दावा लावेल.

म्हणून माझं मत ‘पाठचं गाणं’ या शब्दाला. यात तबकडीची पाठ आहेच, वर ‘पाठचा भाऊ’, ‘पाठची बहीण’ यांतला ‘पाठचा’ही आहे. आपल्यामागून जन्मलेलं, धाकटं, थोरल्याचे कपडे घालणारं भावंड. त्याला कमी लेखलेलं नाही, फक्त मान पहिला थोरल्याचा. आणि पाठच्यानं थोरल्याला मागे टाकल्याची उदाहरणं प्रत्येक घरात सापडतात, तेव्हा ‘रॉक अराउंड द क्लॉक’चीही सोय झाली. ‘पाठ असलेलं गाणं’ म्हणजे तोंडपाठ गाणं, त्याच्याशी घोटाळा होईल अशी शंका कुणी काढेल. ‘पाठ’ आणि ‘पाठचं’ यांत मराठी माणूस सहसा गोंधळत नाही, तरी वाक्यात ‘तबकडी’ हा शब्द जवळ ठेवावा.

ही नातेवाईकांची भाषा एकदा धरली की पुढचाही प्रश्न सुटतो. डिसेंबर १९६५ मध्ये बीटल्सनी ‘डे ट्रिपर’ आणि ‘वी कॅन वर्क इट आउट’ एकाच तबकडीवर आणली आणि दोन्ही बाजू पहिल्याच म्हणून जाहीर केल्या. इंग्रजीत त्याला ‘डबल ए-साइड’ म्हणतात. आपण ‘जुळी गाणी’ म्हणावं.

तुमच्या वाक्यातलं ‘द इनर लाइट’ तर आपल्या अंगणातलं. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत होता. एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यानं इथल्या वादकांकडून सरोद, शहनाई, बासरी यांचा वाद्यमेळ मुद्रित करून घेतला. गायन नंतर लंडनमध्ये चढवलं. बीटल्सच्या सिंगलवर, म्हणजे अशा छोट्या तबकडीवर, आलेली हॅरिसनची ही पहिली रचना, तीही पॉल मॅकार्टनीच्या गाण्यामागे. तेव्हा वाक्य असं करून पाहा: ‘मार्च १९६८ मध्ये “लेडी मॅडोना”ची तबकडी निघाली. तिच्यावरचं पाठचं गाणं होतं “द इनर लाइट”, आणि त्यातली वाद्यं वाजली होती मुंबईत.’